विटेची सामाईक भिंत

वाड्याच्या स्थापत्याविषयी लिहिताना आपले टीकाकार बहुधा कोरीव खांबांपाशीच थबकतात. पुण्याचा विश्रामबागवाडा (१८०७) म्हटला की सुरूच्या आकाराचे खांब आठवतात. विटेकडे लक्ष जात नाही. शनिवारवाड्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १७३२ साली पूर्ण झालेल्या त्या वाड्याचे लाकडी वैभव १८२८च्या आगीत भस्मसात झाले. दगडी तळावर विटांनी रचलेला तट मात्र आजही उभा आहे.

पेठेतील सामान्य वाड्यात विटेचे काम अधिक नाजूक असे. घराला घर लागून, आणि पुष्कळदा दोन घरांत भिंत एकच. बाजूला खिडकी ठेवण्याची सोय नाही, म्हणून उजेड आणि वारा चौकातून घ्यावा लागे. चौक ही केवळ हौस नव्हती. सामाईक भिंतीने घातलेल्या कोड्याचे ते उत्तर होते. १६६६च्या आगीनंतर लंडननेही कायद्याने वीट-दगडाची घरे सक्तीची केली. तेथील ओळीतल्या घरांनी उजेड पुढच्या-मागच्या खिडक्यांतून घेतला. आपण तो घराच्या मधोमध उतरविला.

मात्र गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. पुढची मोकळी ओसरी पुरुषांची आणि मागचे धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर स्त्रियांचे, ही वाटणीही याच भिंतींनी पक्की केली होती.

१९५६च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपले पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशात राहिले. घराण्यांची भाषा टिकली. घरे टिकविण्याच्या कामी मात्र आपण चुकत आहोत, असे आमचे मत आहे. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते व वीट झिजू लागते. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चुन्याचा सांधा ती हालचाल काही अंशी सोसतो. कडक सिमेंट तडकते. दुरुस्ती म्हणून केलेले कामच अशा रीतीने रोगाचे कारण ठरते.

हा दोष आम्ही केवळ इतरांच्या माथी मारीत नाही. शासकीय सेवेत असताना कित्येक पाहणी-अहवालांवर आम्हीही ‘इमारत जीर्ण’ एवढाच शेरा लिहून सही केली. भिंत कशाने जीर्ण झाली, हे लिहिण्याची तसदी घेतली नाही.

आता भावाभावांत वाटण्या होतात. एक आपला अर्धा वाडा पाडून स्लॅब टाकतो. इतकी वर्षे घराच्या आत राहिलेली मधली भिंत एकाएकी पावसात उघडी पडते आणि दुसऱ्याच्या अर्ध्याचा आधार सुटतो. वाटणीपत्रात खण मोजले जातात, दरवाजेही मोजले जातात. ती भिंत कोणाच्या वाट्याला आली आहे, हे घण घालण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकत्र बसून एकदा वाचून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.