दहा टक्क्यांच्या आतला प्रामाणिकपणा



पेट किंवा नेट झाली, प्रवेश मिळाला, की कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा पेपर समोर येतो. यूजीसीने डिसेंबर २०१९ मध्ये तो पीएचडीसाठी सक्तीचा केला. २ क्रेडिट, ३० तास, सहा घटक. आज या पेपरची थोडी चिकित्सा करूया.

आधी चांगली बाजू. बनावट जर्नल कसं ओळखायचं, ओपन ॲक्सेस म्हणजे काय, इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्स काय सांगतात, या गोष्टी एरवी सीनियरकडून कानोकानी कळतात. त्या अभ्यासक्रमात आल्या हे उत्तमच झालं.

माझी हरकत आहे ती साहित्यचोरीच्या भागावर. त्यात तपासणीचं सॉफ्टवेअर वापरायला शिकवणं अपेक्षित आहे. पण वर्गातून बाहेर पडताना अनेकांच्या डोक्यात एकच गोष्ट उरते: फाइल अपलोड करा, टक्के बघा, दहाच्या आत आणा.

हा दहाचा आकडा येतो यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ठरलेल्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. आता गंमत बघा. याच नियमांत साहित्यचोरीची जी व्याख्या आहे, तिच्यात दुसऱ्याचं काम आणि दुसऱ्याची कल्पना, दोन्ही येतात. म्हणजे व्याख्या कल्पनेलाही धरते, पण मोजपट्टी मात्र मजकुराच्या साम्याची!

समजा, एका प्रबंधाचा रिपोर्ट १२ टक्के आला. उघडून बघितलं तर बरंचसं साम्य प्रयोगपद्धतीच्या वर्णनात. ठरावीक रसायनं, ठरावीक तापमान, ठरावीक क्रम. वेगळं लिहिणार तरी किती? दुसऱ्याचा रिपोर्ट ३ टक्के. पण त्यात एक अख्खं प्रकरण इंग्रजी प्रबंधातून मराठीत आणलेलं, मूळ लेखकाचा उल्लेख नाही. असं भाषांतर सॉफ्टवेअरच्या नजरेतून सहज सुटू शकतं. आकड्यावर विसंबलात तर दोषी पहिला ठरेल.

आकड्याच्या मागे लागलं की काय होतं, याचा पुरावाही आहे. २०२१ मध्ये गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव यांनी प्रकाशित शोधनिबंधांतले विचित्र शब्दप्रयोग शोधून दाखवले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'च्या जागी 'कलॉसल इन्फर्मेशन'. मराठीत हृदयविकाराला 'मनाचा बिघाड' म्हणावं, तसंच हे. त्यांच्या मते यामागे आपोआप शब्द बदलून देणारी साधनं असावीत. साम्य पकडलं जाऊ नये म्हणून वापरलेली. म्हणजे टक्के उतरले, चोरी तशीच राहिली, वर शास्त्रही बिघडलं.

त्यात नियम २०१८ चे, पेपर २०१९ चा आणि चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. यंत्राने नव्याने जुळवलेल्या वाक्यांचं साम्य कमीच निघणार. त्यामुळे हा आकडा आता आणखी कमी सांगतो.

मग वर्गात काय व्हावं? सॉफ्टवेअर शिकवावंच, पण रिपोर्ट 'वाचायला' शिकवावा. एक खरा रिपोर्ट पडद्यावर लावून रंगवलेल्या प्रत्येक ओळीपुढे विचारावं: हे अवतरण आहे, रूढ वाक्य आहे, की उचललेलं आहे? आणि ज्या ओळी रंगल्याच नाहीत, त्यांतला विचार कुणाचा? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही. ते फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून तर याला नीतिमत्ता म्हणायचं.

वर्गात हे होईल तेव्हा होईल. तुम्ही आजपासून तीन गोष्टी करा. टिपण काढताना स्रोत आणि पान क्रमांक तिथेच लिहा. दुसऱ्याचा मुद्दा मांडताना मूळ लेख बंद करून लिहा, मग उघडून ताडून बघा. भाषांतर केलेल्या वाक्यालाही संदर्भ द्या. आणि गाइडकडे जाताना नुसता आकडा सांगू नका, पूर्ण रिपोर्ट घेऊन जा. 'दहाच्या आत आहे ना, मग झालं' असं उत्तर मिळालं, तरी तो एकदा स्वतः ओळ न् ओळ वाचा.