उषवदाताची ओसरी

नाशिकची पांडवलेणी बघायला गेलेली माणसं बहुधा तीन नंबरच्या लेण्यापाशी रेंगाळतात. तिथे दारावर तोरण कोरलंय, ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे यक्ष आहेत; थांबण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्रिरश्मी डोंगरावरच्या 24 लेण्यांत माझा जीव जडला आहे तो दहाव्यावर. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूंच्या निवासासाठी कोरवून घेतलेला हा विहार.

आधी खांब बघावेत. टप्प्याटप्प्याच्या बैठकीवर घट, घटातून वर निघालेला अष्टकोनी दंड, त्यावर पालथी घंटा, मग चौकटीत बसवलेला आमलक आणि सगळ्यात वर पाठीला पाठ लावून बसलेली जनावरं. घंटेपासून वरची हीच मांडणी तीन नंबरच्या लेण्यातही आहे, पण तिथली घंटा बसकी झाली आहे. इथे तिला उंची मिळाली, आणि तेवढ्या उंचीने सबंध खांबाचा डौल पालटला. दोन्ही लेण्यांच्या ओसरीत लागोपाठ उभं राहिलं की हा फरक मनावर ठसतो.

आत गेलं की नक्षी संपते. सुमारे 43 फूट रुंद आणि 45 फूट खोल दालन, मध्ये एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना मिळून 16 खोल्या, खोल्यांत निजायला दगडी ओटा. उजेड तीन दारांतून आणि दोन खिडक्यांतून येईल तेवढाच. सगळा थाट ओसरीवर खर्चून राहत्या जागेत कारागिराने हात आखडता घेतला, हा संयम मला त्या खांबांइतकाच मोलाचा वाटतो. मागच्या भिंतीवर स्तूप होता. पुढच्या काळात कुणीतरी त्यातूनच भैरव कोरला.

आता पुन्हा ओसरीत यावं आणि मान वर करून छताखालचा लेख बघावा. भिक्खूंच्या घराच्या भिंतीवर उषवदात आपलं कोणतं पुण्य सांगतो? देव-ब्राह्मणांना दिलेली सोळा गावं, पुष्करचं स्नान, गोदानं. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे बांधलेल्या धर्मशाळा. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट चालवलेल्या होड्या. हे सगळं सांगून झाल्यावर, त्याच दमात, हे लेणं आणि पाण्याची टाकी. एवढी वेगवेगळी दानं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी नांदतात आणि कुणाला कुणाची अडचण होत नाही.

दुसऱ्या लेखातला हिशेब तर पुन्हा पुन्हा करून बघावा असा आहे. वर्ष 42. गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेव, महिन्याला शेकडा एक व्याज. वर्षाचे झाले 240. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू वीस, प्रत्येकाला चीवरासाठी बारा. एक नाणं उरत नाही, एक कमी पडत नाही. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, पाऊण टक्क्याने. मुद्दल कुणी परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. व्यवहार नगरसभेत जाहीर झाला आणि दप्तरी नोंदला गेला. डोंगरातला विहार शहराशी किती पक्का बांधलेला होता, ते या रुक्ष आकड्यांत दिसतं.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं राज्य उखडलं. आपल्या अठराव्या वर्षी त्याने उषवदाताकडे असलेली 200 निवर्तनं जमीन याच डोंगरावरच्या भिक्खूंना देऊन टाकली. चोविसाव्या वर्षी पुन्हा आज्ञापत्र आहे: आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही ओस पडलंय, तेव्हा नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तनं त्यांना द्या. दिलेल्या दानाचं पुढे काय झालं याची चौकशी करणारा हा राजा, आणि ती चौकशी तीन नंबरच्या ओसरीत जशीच्या तशी कोरलेली.

दहाव्या लेण्यात आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कायमची ठेव ठेवली. ज्यांच्याकडे ठेवली त्या श्रेणींत तेलीही आहेत. व्याजातून काय करायचं तेही तिने सांगून ठेवलं: या डोंगरावर जो भिक्खू आजारी पडेल, त्याला औषध मिळावं. तो कुठल्याही दिशेकडून आलेला असो.