नंदुरबारकडील ग्रामनामें व त्यांची व्युत्पत्ति

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं ग्रामनामांस इतिहासाच्या साधनांत स्थान मिळवून दिलें, ही त्यांची कामगिरी निर्विवाद होय. परंतु चालू नांव घेऊन त्याचें मूळ संस्कृतांत शोधावयाचें, ही त्यांची पद्धति नंदुरबार जिल्ह्यास कितपत लागू पडते, याचा विचार अवश्य आहे.

अक्कलकुवा तालुक्यांतील वडफळी हें नांव घ्या. संस्कृताकडे दृष्टि असलेल्यास येथें ‘वटफल’ सहज दिसेल. परंतु त्या बाजूच्या भिल्लांच्या बोलींत ‘फळी’ व गुजरातींत ‘फळियुं’ म्हणजे वस्तीचा एक भाग. तेव्हां वडफळी म्हणजे वडाची वस्ती. वडाचें फळ नव्हे. नवापूर तालुक्यांतील चिंचपाडा याच जातीचें. विखुरलेल्या वस्त्यांत पाडा ओळखावयास झाड पुरतें. राजा किंवा देव शोधण्याचें कारण नाहीं.

खुद्द नंदुरबारचा संबंध लोक नंद गवळ्याशीं जोडतात. ‘नजरबार’ या रूपावरून ‘नजर’ शब्द काढणें मात्र व्यर्थ. इब्न बतूता इ. स. १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून या गांवावरून खंबायतेस गेला. त्याच्या ग्रंथांतील रूपांत अरबी ‘ज़ाल’ आहे. अरबांच्या उच्चारांत तें अक्षर दकाराजवळचें. फारसी वाचक त्याचा ‘ज’ करतो. म्हणजे ‘नजर’ ही लिपीची करणी आहे, गांवाची नव्हे. उत्तरपदाकरितां गुजराती ‘बार’, म्हणजे दार, आणि कोंडाईबारी या घाटाच्या नांवांतील ‘बारी’, म्हणजे खिंड, यांचा विचार प्रथम व्हावा असें आम्हांस वाटतें. तें अनुमानच होय. निर्णय जुन्या रूपांनींच व्हावयाचा.

हॉलंडांतील ॲम्स्टरडॅमचें नांव १२७५ च्या जकातमाफीच्या पत्रांत सांपडतें आणि ‘आम्स्टेल नदीवरील बांध’ हा अर्थ त्या रूपांत स्वच्छ दिसतो. आपल्याकडे मोडींत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद नाहीं. म्हणून संग्राहकांनीं कागदांतील रूप न सुधारतां, मितीसह, जसेंच्या तसें उतरावें व स्थानिक उच्चार शेजारीं द्यावा.

मितीचें महत्त्व केवढें, तें पहा. सरदार सरोवरानें मणिबेली, डोमखेडी इत्यादि नर्मदाकांठच्या गांवांच्या जमिनी बुडविल्या. विस्थापितांच्या तळोदे तालुक्यांतील वसाहतींस रेवानगर, नर्मदानगर अशीं नांवें पडलीं. सन नोंदला नाहीं, तर तापीच्या खोऱ्यांत रेवाभक्तांची प्राचीन वसाहत होती, असा सिद्धांत पुढें कोणी मांडील. आणि त्यास खोडावयास आपल्या दप्तरांत कागद नसेल.