राक्षस काय खातो?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा संवादातून खेळायचा अमेरिकी खेळ १९७४ साली निघाला. त्यात कथा चालवणाऱ्याला स्वतःचे राक्षसही रचता येतात. नमुन्यादाखल १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील दोन प्राणी आपण पाहू.

पहिली महाकाय मुंगी. ६ मिलिमीटरची मुंगी १०० पट लांब केली, तर वजन १० लाख पट वाढते. पायांच्या काटछेदाचे क्षेत्रफळ मात्र १० हजार पटच. म्हणजे पायांवर १०० पट ताण! ही नुसती फुगवलेली मुंगी आम्हाला पटत नाही.

दुसरा गंज-राक्षस. त्याच्या स्पर्शिका लागताच लोखंड गंजते. तेच त्याचे अन्न. हेही अशक्यच. पण एवढे मानले, की पुढचे सारे तर्काने निघते. चिलखत कुचकामी, लाकडी सोटा उपयोगी. मूठभर लोखंडी खिळे फेकले, तर तो बहुधा खायला थांबतो. खेळाडू विचाराच्या बळावर वाचतो.

नवे राक्षस रचणारे बहुधा ताकदीचे आकडेच वाढवतात. त्यांनी आधी तो काय खातो, श्वास कसा घेतो, वजन कसे पेलतो, हे ठरवावे. शिक्षकांनीही वर्गात असा एक प्राणी रचून घ्यावा. अशक्य गोष्ट एकच चालेल. तिचे परिणाम मात्र शेवटपर्यंत पाळायचे.