कार्ल्याचा डोंगर : एका रात्रीची कथा आणि शिळेवरील नावे

मावळ तालुक्यातील कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा देवीचे मंदिर आहे. चैत्रातील यात्रेला आणि नवरात्रात मुंबई, ठाणे, रायगडकडील कोळी व आगरी बांधव तेथे सहकुटुंब येतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंसारख्या इतर ज्ञातींतील अनेक घराण्यांचीही ती कुलदेवता होय. शेकडो पायऱ्या चढून भाविक दर्शनाच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या अगदी शेजारी भारतातील एक भव्यतम शैलचैत्यगृह असते. मंदिर या चैत्यगृहाच्या मुखाशीच बांधलेले आहे. मुखाच्या एका बाजूस सिंहस्तंभ आजही उभा आहे. दुसऱ्या बाजूस तसाच स्तंभ असावा व त्याच्या जागी हे मंदिर आले असावे, असे पुरातत्त्वज्ञांचे अनुमान आहे.

हे मंदिर पांडवांनी वनवासात एका रात्रीत उभारले, अशी कथा भाविकांना सांगितली जाते. आमचा आक्षेप भाविकांवर नाही. तो या कथेवर आहे. कारण कार्ल्याची शिळा मुकी नाही. ती ब्राह्मी लिपीत बोलते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले. गृहमुखाचे काम धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराने केले. सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरे विकणाऱ्याने, द्वाराचे दान दिले. आषाढमित्रा ही भिक्षुणी दात्यांत आहे, अनेक यवनही आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. सुतार, गंधिक, स्त्री आणि परदेशी यांची नावे एकाच वास्तूवर सन्मानाने कोरली जातात, हे कोणत्या समाजव्यवस्थेचे लक्षण आहे? आणि ती सारी नावे पुसून त्या जागी पाच राजपुत्र व एक चमत्कारिक रात्र आणून बसविणे, हे कोणत्या व्यवस्थेचे? श्रमणाऱ्याचे श्रम घ्यावयाचे आणि श्रेय देवाला वा क्षत्रियाला द्यावयाचे, ही रीत आम्हांला अपरिचित नाही.

तथापि आम्ही स्वतःशीही कठोर असले पाहिजे. 'देवी नंतरची, लेणी आधीची' एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात या परिसरातील मातृदेवतांची स्थाने, व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी यांचा संबंध तपासला आहे. या मार्गांवरील मातृदेवतांची उपासना लेण्यांहूनही प्राचीन असू शकते, ही शक्यता त्यातून पुढे येते. आजचे बांधकाम चैत्यमुखाशी नंतर आले, हे उघड आहे. परंतु कोळ्यांची आई उपरी आहे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला पुराव्यावाचून मिळत नाही. बाबासाहेबांनी १९५४ साली देहूरोड येथे पंढरपूरच्या विठोबाविषयी मत मांडले, तेव्हा ते सिद्ध करण्यासाठी प्रबंध लिहीत असल्याचेही सांगितले. ते घोषणेवर थांबले नाहीत, हा बोध महत्त्वाचा आहे.

नवसापोटी कोंबडी-बकरी कापण्याच्या चालीविषयी मात्र आमचे मत स्पष्ट आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात भगवंतांनी ज्या श्रेष्ठ यज्ञाचे वर्णन केले, त्यात पशू मारले गेले नाहीत आणि सेवकांना दंडाचा धाक दाखवून राबविलेही गेले नाही. पशूचा प्राण आणि मजुराचा मान या दोहोंविषयीची ही एकच करुणा आहे. ती भाविकांना सांगावयाची तर उपहासाने सांगता येणार नाही. समुद्रावर जीव धोक्यात घालून पोट भरणारा कोळी हा आमच्यासारखाच कष्टकरी आहे.

मग करावयाचे काय? आपल्यापैकी किती जण कार्ल्याला सहलीसाठी जातात आणि एक ओळही न वाचता परततात? प्रत्येक विहारात ब्राह्मीचे वर्ग चालावेत. चैत्यगृहाच्या दाराशी उभे राहून आपल्या तरुणाने शेजारच्या कोळी बांधवाला सामी सुताराचे नाव बोट ठेवून नव्हे, तर अंतरावरून, शिळेला इजा न करता वाचून दाखवावे. एका रात्रीच्या कथेला याहून समर्थ उत्तर नाही.