वाचकाचे प्रेम आणि लेखकाची कोंडी

रहस्यकथेत गुन्हेगार कोण, हे बहुधा शेवटच्या पानापर्यंत दडविलेले असते. स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘मिझरी’ (१९८७) या कादंबरीत तो आरंभापासून समोर आहे, आणि तो एक निष्ठावंत वाचक आहे. अपघातात जायबंदी झालेल्या पॉल शेल्डन या लोकप्रिय कादंबरीकाराला अ‍ॅनी विल्क्स ही पूर्वाश्रमीची परिचारिका घरी आणून त्याची शुश्रूषा करते. परंतु आपली आवडती नायिका मिझरी नव्या पुस्तकात मरण पावली, हे वाचताच ती त्याची वैरीण होते. त्याचे नवे हस्तलिखित ती त्याच्याच हातून जाळविते आणि नायिकेला जिवंत करणारी कादंबरी लिहावयास लावते.

या अ‍ॅनीला आम्ही अडाणी म्हणणार नाही. पॉलने केलेले ओढूनताणून पुनरुज्जीवन ती लबाडी म्हणून फेटाळते. परीक्षकाची जाण तिच्यापाशी आहे; लेखकाचे स्वातंत्र्य मात्र तिला मान्य नाही. कादंबरीचे मर्म येथेच आहे. तथापि किंगने तिच्यामागे जुन्या खुनांची मालिका जोडली, तेथे कादंबरी आम्हांस उणी वाटते. गुन्ह्याचे मूळ वेडात सापडले, की सामान्य वाचक निर्धास्त होतो.

वस्तुतः हा हट्ट वेड्यांचाच नव्हे. कॉनन डॉइलने १८९३ साली संपविलेला शेरलॉक होम्स वाचकांच्या आग्रहामुळे १९०३ साली जिवंत होऊन परतला. आपल्याकडेही बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथांतून झुंजार आणि काळापहाड पुनःपुन्हा अवतरले, ते वाचकाला तेच हवे होते म्हणूनच.

सीमाभागात या प्रश्नाला निराळी धार आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. येथे मराठी पुस्तक हे अस्मितेचेही चिन्ह आहे. म्हणून लेखकाने आपलेच गाऱ्हाणे मांडावे, अशी वाचकाची अपेक्षा स्वाभाविक होय. निपाणीचे महादेव मोरे मात्र पिठाची गिरणी चालवीत मोटारचालक, मिस्त्री, तंबाखूच्या वखारींतील कामकरी यांच्याविषयी लिहीत राहिले. वाचकांनीच विषय नेमून दिला असता, तर हे जग मराठीत आले असते काय?

विद्यार्थ्यांना पुस्तकावर प्रेम करावयास आपण शिकवितोच. न रुचलेला शेवटही लेखकाचा म्हणून मान्य करावयास शिकविणे हे त्याहून कठीण, आणि आम्हांस वाटते, अधिक आवश्यक आहे.