सोनेरी जू आणि उपालींचा विनय

विधी आणि धर्म यांच्या संबंधाला वाहिलेल्या अध्ययनात बौद्ध विधीला स्थान मिळाले ते अलीकडे. त्याचे मोठे श्रेय रिबेका फ्रेंच यांना द्यावे लागेल. कायदा व मानववंशशास्त्र असे दुहेरी शिक्षण घेतलेल्या या विदुषींनी 'द गोल्डन योक' (१९९५) या ग्रंथात जुन्या तिबेटची न्यायव्यवस्था विधिसंहिता व निर्वासितांच्या मुलाखती यांच्या आधारे उभी केली. २०१४ मध्ये मार्क नेथन यांच्यासह त्यांनी 'बुद्धिझम अँड लॉ' हा ग्रंथ संपादिला. कलहाचे मूळ चित्ताच्या क्लेशांत शोधणारा न्याय ही त्यांची मांडणी मोलाची आहे. पालि विनयातील सात अधिकरणशमथ वाचलेल्यास ती परकी वाटणार नाही.

तथापि आमचे समाधान येथेच थांबते. तिबेटी संहितांत हत्येची भरपाई मृताच्या दर्जावरून ठरे. उच्च, मध्यम, कनिष्ठ आणि पुन्हा प्रत्येकाचे तीन, म्हणजे मनुष्याच्या जीवाला नऊ भाव! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध असमानता म्हटले, तिच्याशी याचे नाते उघड आहे. असा कायदा बौद्ध देशात होता हे खरे. तो बौद्ध होता काय? लेखिका वर्णन करतात, निवाडा देत नाहीत. ही मानववंशशास्त्राची शिस्त असेल. चुल्लवग्गात मात्र, आपला अभिमान गळावा म्हणून, शाक्य कुमारांनी उपालि नापिताला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली. पुढे राजगृहाच्या संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न विचारले गेले ते याच उपालींना. या कसोटीवर त्या संहिता घासून पाहिल्या असत्या, तर उपशीर्षकात तिबेटला लावलेले 'बौद्ध' हे विशेषण लेखिकेला इतक्या सहज वापरता आले नसते.